अमेरिकन वसाहती आणि इंग्लंड: या चुका टाळा

अमेरिकन क्रांतीवरची उत्तरं वाचताना एक गोष्ट फार खटकते. बहुतेक जण 1776 ला, म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झालं त्या वर्षी, उभं राहून मागे बघतात, म्हणजे वसाहतीतल्या लोकांना सुरुवातीपासूनच इंग्लंडपासून सुटायचं होतं असं धरूनच लिहितात, आणि बाकीच्या चुका मग त्यातूनच निघत जातात.

न्यूयॉर्कचंच बघा. 1766 ला स्टॅम्प अ‍ॅक्ट (ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतीतल्या छापील कागदांवर लावलेला कर) रद्द झाला, त्या आनंदात तिथल्या लोकांनी राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावरचा पुतळा करवून घेतला, 1770 ला तो बसवला, आणि 9 जुलै 1776 ला तिथल्याच लोकांनी तो पाडला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या. मधे सहाच वर्षं! तेवढ्यात असं काय झालं ते सांगता आलं पाहिजे, नुसती कायद्यांची यादी पाठ करून ते येत नाही.

दुसरी चूक म्हणजे 'कर खूप होते म्हणून भांडण झालं'. अहो, इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. 1733 पासून परदेशी मळीवर गॅलनला 6 पेन्स कर होता, 1764 च्या शुगर अ‍ॅक्टने तो उलट 3 पेन्सवर आणला, फक्त आता तो खरोखर वसूल व्हायला लागला. आधी सर्रास स्मगलिंग चालायचं आणि लंडन काणाडोळा करायचं, कारण व्यापारातून फायदा होतच होता. सात वर्षांच्या युद्धाने (1756 ते 1763, मुख्यतः फ्रान्सशी) ब्रिटनचं कर्ज साधारण 13 कोटी पौंडांवर गेलं आणि हा काणाडोळा संपला. म्हणून उत्तर कुठे अडलं तर 1763 च्या आधी काय चालायचं ते आधी लिहा, पुढचं आपोआप सुटतं.

भांडणाचं मूळ होतं कर कोण लावणार यात. व्हर्जिनियात 1619 पासून निवडून आलेली सभा होती, कर आपल्या सभेने लावायचा हा इंग्रज माणसाचा हक्कच आहे असं हे लोक मानत होते. लंडनचं म्हणणं, पार्लमेंट सगळ्याच प्रजेचं, मँचेस्टरलाही स्वतःचा खासदार कुठे आहे? दोन्ही बाजू स्वतःला इंग्रज परंपरेच्याच मानत होत्या, मला तर या सगळ्या विषयात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आणि स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द केला त्याच वेळी वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदा करायचा अधिकार आम्हाला आहे असं सांगणारा डिक्लेरेटरी अ‍ॅक्टही पार्लमेंटने केला, तो बरेच जण गाळतात, गाळू नका.

चहाबद्दल आपल्याकडे हमखास होणारी चूक: 16 डिसेंबर 1773 ला वसाहतवाल्यांनी निषेध म्हणून बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या 342 पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या, पण चहा चीनचा, आसामचे मळे अजून साठेक वर्षं लांब होते. आणि टी अ‍ॅक्टने (कंपनीला चहा थेट वसाहतीत विकू देणारा 1773 चा कायदा) तो चहा स्वस्त झाला होता, पण विकत घेतला की पार्लमेंटचा कर मान्य केल्यासारखं झालं असतं.

राजाला पहिल्यापासून शत्रू दाखवू नका. 1765 ला तक्रार पार्लमेंटच्या करावर होती, 1774 पर्यंत ती पार्लमेंटच्या अधिकारावरच गेली, पण एप्रिल 1775 ला लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाल्यांमध्ये गोळीबार होऊनसुद्धा जुलैत काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. त्याने तो घेतलाच नाही, ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर म्हणून जाहीर केल्या. मग जानेवारी 1776 मध्ये थॉमस पेनच्या पुस्तिकेने राजेशाहीवरच हल्ला चढवला आणि लोकांनी ती उचलून धरली.

शेवटचं, 'सगळे वसाहतवाले एक झाले' असं लिहू नका. क्रांतीच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, तो राजाच्या बाजूने राहिला, कैदेत गेला, पुढे इंग्लंडला जाऊन राहिला. असे हजारो लोक युद्धानंतर घरदार सोडून कॅनडात, इंग्लंडमध्ये गेले, त्यांच्यासाठी एक तरी वाक्य ठेवा.