न्यू जर्सीत कामाचे तास कमी झाले असताना बेकारी भत्ता कसा घ्यावा

नोकरी पूर्णपणे गेली तरच बेकारी भत्ता मिळतो, हा समज न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत इतका पक्का बसला आहे, की आठवड्याचे चाळीस तास वीसवर आले तरी अनेक जण निमूटपणे अर्ध्या पगारात घर चालवतात आणि अर्जाचा विचारही करत नाहीत. राज्याचा कायदा मात्र वेगळे सांगतो. पूर्णवेळ काम न मिळालेला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कमाई झालेला माणूस त्या आठवड्यापुरता अंशतः बेकार मानला जातो आणि त्याला भत्त्याचा काही भाग मिळू शकतो. हाच नियम उलट दिशेनेही लागू होतो, म्हणजे पूर्ण नोकरी गेल्यावर भत्ता चालू असताना एखाद्या दुकानात आठवड्याचे दहा-बारा तास काम मिळाले, तर ते घेतल्याने भत्ता आपोआप बंद पडत नाही.

यात लाजण्यासारखेही काही नाही. नोकरदाराच्या पगारातून बेरोजगारी विम्यासाठी कपात करणारी राज्ये अमेरिकेत तीनच आहेत, अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी. इतरत्र तो भार फक्त मालकावर असतो. आपल्या पे-स्टबवरच्या, म्हणजे पगारासोबत मिळणाऱ्या पावतीवरच्या कपातींच्या ओळी एकदा नीट वाचल्या, तर दर पगाराला आपण हा हप्ता भरत आलो आहोत हे दिसेल.

अर्ज कोणत्या राज्यात करायचा, हे आधी ठरवावे लागते. राहण्याचे नव्हे, तर काम केल्याचे राज्य येथे धरले जाते. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून रोज मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्या माणसाचा अर्ज न्यूयॉर्ककडे जातो आणि तेथील हिशेब सर्वस्वी निराळा आहे. न्यूयॉर्क तास मोजते. आठवड्याला १० तासांपर्यंत काम केल्यास भत्त्यात कपात होत नाही, ११ ते १६ तासांना पाव, १७ ते २१ तासांना निम्मा आणि २२ ते ३० तासांना पाऊण भत्ता कापला जातो, ३० तासांच्या पुढे काहीच मिळत नाही आणि शिवाय कमाईची एक साप्ताहिक कमाल मर्यादाही पाळावी लागते. न्यू जर्सी मुख्यतः डॉलर मोजते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या मेहुण्याने सांगितलेला हिशेब न्यू जर्सीच्या अर्जाला लावू नये. पुढचे सर्व विवेचन न्यू जर्सीपुरते आहे.

पात्रतेसाठी राज्य तुमची मागची कमाई पाहते. शेवटच्या पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार तिमाही म्हणजे आधारवर्ष. २०२५ साली केलेल्या अर्जासाठी या आधारवर्षात किमान ३०३ डॉलर कमाईचे २० आठवडे, किंवा एकूण १५,२०० डॉलरची कमाई आवश्यक होती. हे आकडे दर वर्षी जानेवारीत बदलतात. याशिवाय तास तुमच्या इच्छेने कमी झालेले नसावेत. मुलांच्या शाळेच्या वेळेसाठी स्वतः मागून घेतलेले अर्धवेळ काम यात बसत नाही, आणि मालकाने देऊ केलेल्या पाळ्या नाकारल्या तर तेही काम नाकारल्यात जमा होते.

व्हिसाचा मुद्दा आपल्या लोकांसाठी वेगळा सांगावा लागतो. भत्त्यासाठी अर्जदार काम करण्यास समर्थ आणि उपलब्ध असावा लागतो आणि उपलब्ध असण्यात कायदेशीर परवानाही येतो. ग्रीन कार्डधारक, किंवा एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असून कामाचा परवाना म्हणजे ईएडी मिळालेली व्यक्ती अर्ज करू शकते. मालकाच्या याचिकेवर कामाचा व्हिसा मिळालेल्या एच-१बी धारकाचा परवाना मात्र एकाच मालकाशी बांधलेला असल्यामुळे त्याला ‘उपलब्ध’ ठरणे सहसा जमत नाही. शिवाय मालकाने त्याचे पूर्णवेळ काम परस्पर अर्धवेळ केले असेल, तर भत्त्याच्या आधी व्हिसाचाच प्रश्न उभा राहतो, कारण त्यासाठी मालकाने सुधारित याचिका दाखल करणे आवश्यक असते. तेव्हा अशा वेळी प्रथम इमिग्रेशन वकिलाला गाठावे. ग्रीन कार्डच्या अर्जावर परिणाम होईल या भीतीने अनेक पात्र लोक मागे राहतात, परंतु बेरोजगारी विमा हा कमाईवर आधारलेला हक्क असल्यामुळे तो ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का या तपासणीत, धरला जात नाही.

आता खरा हिशेब. आधारवर्षातील सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के हा तुमच्या भत्त्याचा साप्ताहिक दर असतो. २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा ८७५ डॉलर होती. अवलंबित व्यक्ती असल्यास पहिल्या व्यक्तीमागे ७ टक्के आणि पुढच्या दोघांमागे प्रत्येकी ४ टक्के वाढ मिळू शकते, पण कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. या साप्ताहिक दरात २० टक्के मिळवले की अंशतः बेकारीचा दर निघतो. त्या आठवड्यात तुम्ही कमावलेली रक्कम, कर कापण्यापूर्वीची, या दरातून वजा केली जाते आणि उरलेले सेंट सोडून डॉलर तुमच्या हाती येतात.

समजा, एडिसनमधल्या एका किराणा दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना तासाला २२ डॉलर मिळतात आणि चाळीस तासांचा त्यांचा आठवड्याचा पगार ८८० डॉलर आहे. त्यांचा साप्ताहिक दर ५२८ डॉलर आणि अंशतः दर ६३३ डॉलर ६० सेंट होईल. दुकानदाराने तास वीसवर आणले, तर त्या ४४० डॉलर कमावतील आणि राज्य त्यांना १९३ डॉलर देईल, म्हणजे हाती ४४० ऐवजी ६३३ डॉलर येतील. त्यांनी आठवड्याला फक्त चार तास काम केले, तर ८८ डॉलरची कमाई २० टक्क्यांच्या सवलतीत पूर्ण सामावते आणि भत्ता ५४५ डॉलर निघतो, पण कामासह भत्ता देताना राज्य पूर्ण साप्ताहिक दरापेक्षा अधिक देत नाही. म्हणून त्यांना ५२८ डॉलर मिळतील आणि ८८ डॉलर वर राहतील. थोडे काम घेतल्याने तोटा होत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

याच जागी एक गैरसमज फार नडतो. नियमानुसार नेहमीच्या तासांच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त काम झाले तर त्या आठवड्याचा भत्ता मिळत नाही, म्हणजे चाळीस तासांच्या कामात ३२ तासांची मर्यादा. त्यावरून ३२ तासांपर्यंत काहीतरी मिळणारच, असे लोक गृहीत धरतात. वरच्या बाईंनी ३० तास काम केले, तर त्यांची कमाई ६६० डॉलर होते, ती ६३३ च्या वर जाते आणि भत्ता शून्य होतो. साधे गणित असे, की ६० टक्क्यांवर २० टक्के वाढ म्हणजे मूळ पगाराच्या ७२ टक्के, त्यामुळे पगाराचा दर तोच राहिला असेल तर ७२ टक्के तासांशीच गाडी थांबते. जास्त पगारवाल्यांना तर ती त्याहून लवकर थांबते, कारण त्यांचा दर कमाल मर्यादेला अडकलेला असतो. तासाला ६० डॉलर घेणाऱ्या तंत्रज्ञाचा अंशतः दर २०२५ च्या मर्यादेनुसार १,०५० डॉलर येतो. त्याने १६ तास काम केले तर ९६० डॉलर वजा होऊन ९० डॉलर उरतात आणि १८ तासांना काहीच उरत नाही.

अर्ज राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावर करावा, आणि तास कमी झाले त्याच आठवड्यात करावा. अर्जाची तारीख त्या आठवड्याच्या रविवारपासून धरली जाते. मागचे आठवडे सबळ कारणाशिवाय मोजले जात नाहीत, आणि “मला माहीत नव्हते” हे सबळ कारण सहसा ठरत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक, परवान्याची कागदपत्रे, गेल्या दीड वर्षातील मालकांची नावे, पत्ते व कामाच्या तारखा आणि बँक खात्याचा तपशील जवळ घेऊन बसावे. काम बंद होण्याच्या कारणात ‘नोकरी गेली’ असे लिहू नये, तास कमी केले असल्याचे सांगावे. मालकाकडे चौकशी जाते आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर प्रकरण आठवडेच्या आठवडे अडकून पडते.

अर्ज मंजूर झाल्यावर दर आठवड्याला सर्टिफाय करावे लागते, म्हणजे काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे देऊन त्या आठवड्याचा भत्ता मागावा लागतो. बहुतेक चुका येथेच होतात. राज्याचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, तर पुष्कळ दुकानांचा पगाराचा आठवडा सोमवार ते रविवार असतो. फ्रिजशेजारी टांगलेले कालनिर्णय येथे उत्तम उपयोगी पडते, कारण त्याचा प्रत्येक स्तंभ वर रविवारी सुरू होतो आणि खाली शनिवारी संपतो. रोजच्या चौकटीत केलेले तास लिहावेत, शनिवारी रात्री स्तंभाची बेरीज करून तासाच्या दराने गुणावे आणि तीच रक्कम सर्टिफाय करताना द्यावी.

पैसे हातात कधी आले ते येथे पाहायचे नसते, काम कधी केले ते पाहायचे असते. त्याच बाईंनी पहिल्या आठवड्यात १६ तास म्हणजे ३५२ डॉलरचे आणि दुसऱ्या आठवड्यात २४ तास म्हणजे ५२८ डॉलरचे काम केले, तर त्यांचा भत्ता अनुक्रमे २८१ आणि १०५, एकूण ३८६ डॉलर होतो. दुकानदार दोन आठवड्यांचा चेक एकदम देतो म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यात शून्य आणि दुसऱ्यात ८८० डॉलर लिहिले, तर पहिल्या आठवड्याचे पूर्ण ५२८ मिळतील आणि दुसऱ्याचे काहीच नाही. म्हणजे १४२ डॉलर जादा उचलले गेले, आणि मालकाने राज्याला दिलेल्या पगाराच्या नोंदींशी ताळा घेतला जातो तेव्हा ते उघडकीला येते. टिप, सुट्टीचा पगार, रविवारी चालवलेल्या टॅक्सीचे पैसे आणि कोणाच्या हॉलमध्ये केटरिंगला मदत करून मिळालेली रोख रक्कम, हे सारे याच हिशेबात येते. चूक लक्षात आली तर विभागाला आपणहून कळवावे. जाणूनबुजून लपवल्याचे ठरले, तर जादा रक्कम परत द्यावी लागतेच, शिवाय तिच्यावर २५ टक्के दंड बसतो आणि वर्षभर भत्ता बंद होतो.

अर्धवेळ काम चालू असले तरी पूर्णवेळ काम शोधत राहणे आवश्यक आहे. कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या जागेसाठी अर्ज केला याची वही ठेवावी. ती मागितली जाऊ शकते. कंटाळून उरलेले काम सोडून देण्याची चूक मात्र करू नये. कामाशी निगडित सबळ कारणाशिवाय नोकरी सोडल्यास, पुन्हा किमान आठ आठवडे काम करून साप्ताहिक दराच्या दहापट कमाई होईपर्यंत अर्जदार अपात्र राहतो. निर्णय विरुद्ध गेला तर पत्रावर छापलेल्या मुदतीत अपील करावे आणि अपील चालू असतानाही दर आठवड्याला सर्टिफाय करत राहावे, कारण न मागितलेल्या आठवड्याचे पैसे अपील जिंकूनही मिळत नाहीत.

कंपनीत अनेकांचे तास एकदम कमी होणार असतील, तर मालकाला राज्याच्या शेअर्ड वर्क योजनेबद्दल विचारून पाहावे. त्यात काहींना काढून टाकण्याऐवजी सर्वांचे तास थोडे कमी करून त्या प्रमाणात भत्ता मिळतो. अर्ज मालकालाच करावा लागतो, आणि बऱ्याच छोट्या मालकांना ही योजना ठाऊक नसते असा माझा अनुभव आहे.

भत्त्यावर न्यू जर्सीचा कर नाही, पण संघराज्याचा प्राप्तिकर आहे. अर्जातच १० टक्के कापून घेण्याचा पर्याय निवडला, तर एप्रिलमध्ये तारांबळ उडत नाही. जानेवारीत येणारा, वर्षभरात मिळालेल्या भत्त्याची नोंद असलेला १०९९-जी फॉर्म जपून ठेवावा.

एकूण भत्त्याची मर्यादा जास्तीत जास्त २६ आठवड्यांच्या पूर्ण दराइतकी असते, वरच्या उदाहरणात १३,७२८ डॉलर. आठवड्याला १९३ डॉलर घेतले तर ही रक्कम ५२ आठवड्यांतही संपत नाही, पण अर्जाचे वर्ष मात्र तेवढ्यातच संपते आणि उरलेली रक्कम बुडते. नव्या अर्जाचा दर अर्ध्या पगाराच्या वर्षावरून काढला जाईल, म्हणून तो कमी येईल. मधल्या काळात पूर्णवेळ काम मिळून सर्टिफाय करणे थांबवले आणि पुन्हा तास कमी झाले, तर नवा अर्ज न करता त्याच आठवड्यात जुना क्लेम, म्हणजे आधीचा मंजूर अर्ज, पुन्हा उघडावा.