वॉरंट आलं की घाबरू नका

या गावात घर घेतलं त्याच्या पुढच्या वसंतात आई-बाबा सांगलीहून आले होते. एके दुपारी ऑफिसात बाबांचा फोन. आवाज दबका. "अगं, पोस्टाने वॉरंट आलंय. जावईबापूंनी काही केलंय का?"

घरी येऊन पाहिलं तर पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका, वर ठळक अक्षरांत गावाचं नाव आणि 'वॉरंट'. मॅसॅच्युसेट्समध्ये वॉरंट म्हणजे टाऊन मीटिंगची विषयपत्रिका. सुरुवात मात्र खरंच पोलिसी असते. कॉन्स्टेबलला हुकूम, की कॉमनवेल्थच्या (म्हणजे राज्याच्या) नावाने रहिवाशांना अमुक दिवशी, अमुक ठिकाणी सभा असल्याचं बजावावं. बाबा दोन वेळा ग्रामपंचायतीवर निवडून आलेले. चष्मा लावून चार पानं वाचली आणि म्हणाले, "ही तर ग्रामसभेची नोटीस. कोरम किती लागतो?" मला माहीत नव्हतं. चार वर्षं या राज्यात होते, मुलगी इथल्या शाळेत जात होती, आणि गाव कोण चालवतं याचा पत्ता नव्हता.

गेल्या दोन-तीन वर्षांत बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या गावांत बरीच मराठी कुटुंबं आली आहेत. शाळा बघून घर घेतात, आणि मग शाळेची बस फी वाढली की मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तावातावाने लिहितात. तेव्हा बहुतेक जून उजाडलेला असतो. वरातीमागून घोडं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इथे 'टाऊन' म्हणजे नुसता पत्ता नाही. राज्यात ३५१ शहरं आणि गावं आहेत, आणि कौंटी इथे जवळपास नावापुरती उरली आहे. शाळा, रस्ते, बर्फ उपसणं, कचरा, वाचनालय, अग्निशमन हे सगळं गावाचं, आणि घरपट्टीही गावच घेतं. शहर असेल तर महापौर किंवा मॅनेजर आणि कौन्सिल. फ्रॅमिंगहॅम २०१८ पासून तसं झालं. गाव असेल तर कायदेमंडळ म्हणजे टाऊन मीटिंग. श्रूजबरी, लेक्सिंग्टन अशा ठिकाणी तिथे निवडून दिलेले सभासद बसतात. अ‍ॅक्टन, वेस्टफर्ड, वेस्टबरो, हॉपकिंटन इथली सभा खुली. म्हणजे मतदारयादीत नाव असलेला कुणीही उठून जाऊ शकतो, बोलू शकतो आणि गावाच्या अख्ख्या बजेटवर मत देऊ शकतो. आपलं गाव कुठल्या प्रकारात बसतं ते आजच बघून घ्या.

आता वेळापत्रक. आपली माणसं इथेच चुकतात. गावाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, टाऊन मीटिंग साधारण मार्च ते मे-जूनमध्ये होते. पण बजेट खरं शिजतं ते डिसेंबर ते मार्च. शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल कमिटीला बजेटवर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते; ती बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, थंडी कडाक्याची असताना, आठवड्यातल्या मधल्या संध्याकाळी. मी गेले त्या सुनावणीला कमिटी आणि शाळेचे अधिकारी सोडून अकराजण होते. त्यातल्या एका आईने व्हायोलिन-चेलोचा वर्ग बंद करू नका म्हणून शांतपणे तीन मिनिटं सांगितलं. दोन आठवड्यांनी तो वर्ग बजेटमध्ये परत आला. मे महिन्यात चारशे माणसांसमोर तिने हेच सांगितलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, वर्ग नसता मिळाला.

याच्या मागे एक कायदा आहे, तोही समजून घ्या. १९८० साली इथल्या लोकांनी मतदानाने 'प्रपोझिशन टू अँड अ हाफ' आणलं. गावाला करवसुलीची एकूण मर्यादा वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, नव्या बांधकामाची भर वेगळी. (तुमचं स्वतःचं बिल अडीचपेक्षा जास्त वाढू शकतं, मर्यादा सगळ्या गावाच्या बेरजेवर आहे. हे समजायला मला दोन वर्षं लागली.) त्यापलीकडे पैसा हवा तर 'ओव्हरराइड', म्हणजे मतपेटीतून गावाची मंजुरी. ओव्हरराइडचं वर्ष आलं की गाव दुभंगतं. अंगणात पाट्या लागतात, आणि पेन्शनवर जगणारे आजोबा व शाळकरी मुलांचे आईबाप समोरासमोर येतात. आपण त्या वेळी कायम दुसऱ्या गटात असतो. पहिल्या गटाचं ऐकून घ्या, त्यांचंही खोटं नसतं.

बाबांना मी त्या वर्षी सभेला घेऊन गेले. हायस्कूलचं जिम, दाराशी आडनावाच्या अक्षरांप्रमाणे टेबलं, यादीत नाव सापडलं की हातात मत द्यायचं एक केशरी कार्ड. आमच्याकडे तेव्हा ग्रीन कार्डसुद्धा नव्हतं, त्यामुळे केशरीही नाही. मतदार नसलेल्यांसाठी एका बाजूला दोरी लावून खुर्च्या ठेवल्या होत्या, तिथे आम्ही दोघं. शेजारची बाई विणत बसलेली. रात्री अकराला सभा संपली तेव्हा तिच्या मोज्याची टाच पूर्ण झाली होती. आठवीची मुलं दाराशी ब्राउनी विकत होती. बोलायचं तर माइकच्या रांगेत उभं राहायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, आणि जे काही बोलायचं ते मॉडरेटरला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, उद्देशून. समोरच्याला थेट 'तू काय सांगतोस' असं म्हणता येत नाही. पानं उडवायच्या पेट्रोलच्या यंत्रांवर बंदी घालावी का, यावर पाऊण तास वाद झाला. त्याआधी शाळांचं कोट्यवधी डॉलरचं बजेट दहा मिनिटांत मंजूर झालं होतं. बाबा कानाशी म्हणाले, "सगळीकडे सारखंच. मोठं गुपचूप, लहान गाजावाजात." मोठं गुपचूप का गेलं, ते वर लिहिलंच आहे. त्याची भांडणं फेब्रुवारीतच मिटली होती.

नागरिक नसलेल्यांनी काय करावं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. कमिट्यांच्या सभा खुल्या असतात. तुम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असा, एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर) असा, मुलाकडे सहा महिने आलेले आजी-आजोबा असा, जाऊन बसायला कुणी अडवत नाही. जाहीर सुनावणीत बोलताही येतं. सिलेक्ट बोर्ड म्हणजे गावाचा कारभार बघणारं निवडून दिलेलं मंडळ; त्याच्या सभेत बहुतेक ठिकाणी सुरुवातीला नागरिकांचं म्हणणं ऐकायला वेळ ठेवतात, त्याला 'सिटिझन्स' म्हणत असले तरी पासपोर्ट कुणी बघत नाही. टाऊन मीटिंगमध्ये मतदार नसलेल्याने बोलायचं तर परवानगी लागते. आधी मॉडरेटरला किंवा टाऊन क्लार्कला (गावाची दप्तरं आणि मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल करा, बहुधा देतात. काही गावांत नेमलेल्या समित्यांवरही नागरिक नसलेले रहिवासी घेतात, क्लार्कला विचारा.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. मत द्यायचं नाही आणि मतदार नोंदणीच्या कागदावर सही करायची नाही. लायसन्ससाठी आरएमव्हीत (इथल्या आरटीओत) गेलात की आता मतदार नोंदणी आपोआप होण्याची सोय आहे, ती नागरिकांसाठी. तिथे 'नागरिक आहे' अशा कुठल्याही रकान्यावर घाईत खूण केलीत तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही अडकू शकतं. नागरिकत्वाची शपथ झाली की मात्र टाळू नका. सभेच्या किमान दहा दिवस आधी नाव नोंदवलेलं लागतं.

आणि जानेवारीत गावाचा जनगणनेचा फॉर्म येतो, तो नागरिक नसलात तरी भरायचा असतो. दहा वर्षांनी येणारी देशाची जनगणना ती वेगळी. या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो, तिथे सरळ भारत लिहा. मतदार झाल्यावर हा फॉर्म परत पाठवला नाहीत तर नाव निष्क्रिय यादीत जातं, आणि सभेच्या दिवशी दाराशी ओळखपत्रं काढत बसावं लागतं.

आता माझा मूर्खपणा. आमच्या मागच्या अंगणापलीकडे पाइनची रांग होती. घर घेताना आम्ही ती 'आपली' समजलो होतो, होती दुसऱ्याच्या जमिनीवर. एके दिवशी गावाकडून पत्र आलं, बारीक छपाई, नकाशाचा क्रमांक, 'स्पेशल परमिट', 'पब्लिक हिअरिंग' असले शब्द. मी ते पिझ्झाच्या कुपनांबरोबर रद्दीत टाकलं. ऑक्टोबरात करवतींचा आवाज आला तेव्हा कळलं. कायद्याने अशी नोटीस लगतच्या मालकांना आणि ३०० फुटांच्या आतल्या त्यांच्या शेजाऱ्यांना पाठवावी लागते, वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे छापावी लागते, आणि पहिली जाहिरात सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी. म्हणजे सगळं रीतसर झालं होतं, फक्त मी वाचलं नव्हतं. आम्ही गेलो असतो तरी बांधकाम थांबलं नसतं. पण आमच्या डावीकडचे शेजारी गेले होते, आणि त्यांच्या हद्दीला सहा फुटी झुडपांची रांग लावण्याची अट परमिटमध्ये पडली. त्यांच्याकडे आज हिरवी भिंत आहे, आमच्याकडे दुसऱ्याचं गॅरेज. 'अबटर' (लगतच्या जागेचा मालक) हा शब्द पत्रावर दिसला तर ते पत्र फ्रिजवर लावा.

सभांचा माग ठेवायला रोज काही करावं लागत नाही. राज्याच्या ओपन मीटिंग लॉप्रमाणे प्रत्येक सभेची सूचना विषयांसकट ४८ तास आधी लावावी लागते, त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. गावाच्या वेबसाइटवर 'अजेंडा' शोधा, ईमेल सूचना चालू करा. पण सगळ्या कमिट्यांना टिक करू नका, दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून सगळंच बंद कराल. स्कूल कमिटी, सिलेक्ट बोर्ड आणि बांधकामांचे प्रस्ताव बघणारं प्लॅनिंग बोर्ड एवढं पुरे. फिनान्स कमिटीचा अहवाल वॉरंटबरोबर येतो, तो वाचा. वॉरंटमधल्या प्रत्येक कलमाबाबत 'का' याचं उत्तर तिथे असतं. गावाच्या केबल चॅनेलवाले बहुतेक सभा रेकॉर्ड करतात. कपड्यांच्या घड्या घालताना दीडपट वेगाने ऐकायच्या.

गावाचा फेसबुक ग्रुपही वाचा, खमंग असतो. विश्वास मात्र अजेंड्यावर ठेवा. 'शाळा बंद होणार' अशी आरोळी उठली तेव्हा मी अजेंडा काढून पाहिला, विषय होता एका शाळेच्या छताची दुरुस्ती.

बोलायला उठताना भीती वाटते, विशेषतः आपल्या उच्चारांची. मी पहिल्यांदा कागद वाचला, तोही थरथरत. तीन मिनिटं दिलेली असतात, दोन वापरा. अमक्या रस्त्यावर राहते, मुलगी अमक्या शाळेत, मला एवढं एक हवं आहे, संपलं. आपल्याला प्रस्तावना करायची फार सवय. आणि चिडून बोललात तरी आभाळ कोसळत नाही. साउथबरो गावाच्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं की नागरिकांनी बोर्डापुढे सभ्य, सौम्य भाषेतच बोललं पाहिजे अशी सक्ती गाव करू शकत नाही. हक्क आहे म्हणून वापरायलाच हवा असं नाही, हे मी माझ्या नवऱ्याला उद्देशून लिहितेय.

दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या असतील तर वार्षिक सभेच्या वॉरंटवर तुमचा विषय घ्यावाच लागतो. दहा. आपल्या भिशीत याहून जास्त माणसं असतात.

समारंभांचं वेगळं सांगायला नको, पण दिवाळीपुरतं एक सांगते. प्रत्येक गावाला स्थानिक कल्चरल कौन्सिल असते (काही ठिकाणी दोन-तीन गावांना मिळून एक), तिला राज्याकडून पैसे येतात आणि ती छोटी अनुदानं देते. अर्ज साधारण सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर, कार्यक्रम पुढच्या वर्षीचा. वाचनालयात लेझीम दाखवायचं असेल, मुलांना किल्ला करायला शिकवायचं असेल, तर हा अर्ज करा. न्यू इंग्लंड मराठी मंडळाचा गणपती आपल्यासाठी आहेच. हा कार्यक्रम शेजारच्या आजींसाठी असतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची परेड असते, तिथे खुर्ची घेऊन बसा, आणि नावं वाचली जातात तेव्हा गप्प उभे राहा. पिकनिक समजून ढोकळ्याचे डबे उघडणारी मंडळी मी पाहिली आहेत.

गावाची खरी चावडी म्हणजे कचरा टाकायची जागा, ट्रान्सफर स्टेशन. तुमच्या गावात असेल तर घरून कचरा नेणारी गाडी लावू नका, शनिवारी सकाळी स्वतः जा. निवडणुकीच्या आधी सिलेक्ट बोर्डाचे उमेदवार तिथे पाट्या धरून थंडीत उभे असतात. त्यांना तुमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल विचारा, मतदार आहात की नाही ते कुणी विचारत नाही. गाडीवर लावायचा स्टिकर आधी टाऊन हॉलमधून आणावा लागतो. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बऱ्याच गावांत लवकर बंद करतात.