रोमिंगचं बिल यायच्या आधीच आकडा कसा बघायचा

पोस्टपेड सिम घेऊन परदेशात गेलात की चार्ज लगेच लागतो पण दिसतो उशिरा, सगळा घोळ इथेच आहे. कॉल तिथल्या नेटवर्कवरून जातो, मग ते नेटवर्क त्याचा हिशोब तुमच्या कंपनीला पाठवतं (टॅप फाइल म्हणतात तिला), आणि तो यायला कधी काही तास लागतात तर कधी काही दिवस. म्हणून ॲपमध्ये शून्य दिसतंय म्हणजे काहीच लागलं नाही असं समजू नका.

निघायच्या आधी कंपनीच्या ॲपमध्ये 'अनबिल्ड' रक्कम (म्हणजे लागलेली पण अजून बिलात न आलेली) बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर तुलना करायला लागतो. मग फोनचा स्वतःचा मीटर शून्यावर आणा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या मोबाइल डेटात रोमिंगचा आकडा वेगळा दिसतो पण तो महिना बदलला तरी आपोआप शून्य होत नाही, तळाशी रीसेट आहे ते दाबावं लागतं. अँड्रॉइडमध्ये मेनू प्रत्येक कंपनीचा वेगळा, सरळ सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'डेटा यूसेज' टाका, तिथेच वॉर्निंग आणि लिमिटपण लावता येते, लावाच.

रोमिंग पॅक घेतला असेल तर तो सुरू झाल्याचा एसएमएस आल्याशिवाय डेटा ऑन करू नका. आणि एक दिवस म्हणजे सुरू केल्यापासून २४ तास की रात्री बारापर्यंत, आणि बारा कुठल्या देशाचे, हे आधीच विचारून घ्या. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क बहुतेक साध्या पॅकमध्ये नसतं, तिथे फ्लाइट मोडच बरा.

तिथे पोचल्यावर रोज रात्री फोनचा मीटर बघायचा, पॅकबाहेरचा डेटा असेल तर रेटने गुणायचं. फोनला फक्त डेटा कळतो, रेट कळत नाही, आणि कंपनी मोजताना वरच्या आकड्याला राउंड करते म्हणून बिलातला आकडा थोडा जास्तच येतो. कॉलसाठी कॉल लॉग बघा, पण इनकमिंगपण धरा, रोमिंगमध्ये त्याचेही पैसे लागू शकतात.

व्हॉइसमेल हा तर छुपा खर्च. तुम्ही न उचललेला कॉल परदेशातून पुन्हा तुमच्या देशातल्या व्हॉइसमेलकडे वळतो आणि काही कंपन्या जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे लावतात. जायच्या आधीच ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग बंद करून टाका.

ॲपचा आकडा तुमच्या हिशोबापेक्षा फारच पुढे गेला तर बिलाची वाट बघू नका, डेटा रोमिंग बंद करा, वायफायवरून कस्टमर केअरला चॅट करून तारीख-वेळेसकट डिटेल मागा आणि तक्रार नंबर घेऊन ठेवा. परत आल्यावरही पुढच्या बिलापर्यंत 'अनबिल्ड' अधूनमधून बघत राहा, उशिरा आलेल्या नोंदी त्यात टाकलेल्या असू शकतात.