नवे .३२ बोअरचे पिस्तूल घेतल्यावर पहिली पारख कशी करावी

आपल्याकडे ९ मिमी पॅराबेलमसारखी काडतुसे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध असल्यामुळे छोटे पिस्तूल घेणाऱ्या बहुतेकांच्या हाती .३२ बोअरचेच (बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यासाचे माप) पिस्तूल येते. दुकानदाराने ते रिकामे म्हणून दिले असले, तरी नळी सुरक्षित दिशेला धरून आणि बोट चापापासून दूर ठेवून आधी मॅगझिन (काडतुसे भरण्याची डबी) काढावे व मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढावी. हा क्रम उलटला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, शिरते. डोळ्यांनी पाहून झाल्यावर मी करंगळीचे टोक चेंबरच्या तोंडाला लावून पुन्हा खात्री करतो. अंधाऱ्या खोलीत डोळा फसतो, बोट फसत नाही.

त्यानंतर पिस्तुलावर कोरलेला क्रमांक पावतीशी आणि परवान्यातील नोंदीशी एकेक अंक वाचून जुळवावा. चूक आढळल्यास ती त्याच दिवशी दुकानदाराच्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या लेखी निदर्शनास आणावी.

स्लाइड ओढताना ती अपेक्षेपेक्षा फार घट्ट लागते आणि अनेकांना हा दोष वाटतो. या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी व स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. गोळी सुटेपर्यंत काडतूस जागी धरून ठेवण्याचे काम स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांनाच करावे लागते, म्हणून स्प्रिंग ताठ असते. पाहायचे ते एवढेच, की स्लाइड कुठेही न अडखळता पूर्ण मागे जाते आणि स्वतःच्या जोराने पुढे येऊन बसते. चाप ओढून पाहायचा असेल, तर माहितीपुस्तिकेत रिकामा चाप ओढण्यास परवानगी आहे का हे आधी वाचावे व शक्यतो डमी (बिनदारूचे) काडतूस वापरावे.

मॅगझिन भरण्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. .३२ च्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी बंद पडते. म्हणून प्रत्येक नवे काडतूस त्याची कड खालच्या कडेच्या पुढे राहील अशा रीतीने सरकवावे.

प्रत्यक्ष गोळीबार केवळ मान्यताप्राप्त रेंजवर, डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण लावूनच करावा. प्रथम मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, आणि सारे सुरळीत चालल्यावरच पूर्ण मॅगझिन भरावे. परवान्यावरील काडतुसांची संख्या मर्यादित असल्याने एकही गोळी वाया जाऊ नये, यासाठी वही जवळ ठेवून कोणत्या गोळीला पिस्तूल अडले ते लिहावे. मॅगझिनांवर १ आणि २ असे अंक टाकले, तर दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा हे लगेच उमगते.

घरी परतल्यावर नळी साफ करून तेलाचा पातळ हात फिरवावा. कोकणात किंवा पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि आठवडाभरातच स्लाइडवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पिस्तूल कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे दुसऱ्या पेटीत, दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.