कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलांची हिपॅटायटिस बीची लस : या चुका टाळा

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलाच्या फाइलवर 'लसीकरण पूर्ण' लिहिलेलं दिसलं की मी विचारते, टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण, किती? बहुतेक वेळा समोर शांतता. कार्डावर जन्मानंतर २४ तासांतला डोस असतो, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचा पेंटा (हिपॅटायटिस बीसह पाच आजारांची एकत्र लस) असतो, शिक्के असतात. पण हे डोस घेतले तेव्हा बाळाची प्रतिकारशक्ती शाबूत होती. निरोगी मुलात अँटिबॉडी कमी झाल्या तरी स्मृतिपेशी वेळेला धावून येतात. केमो त्याच पेशींवर घाव घालते. शिवाय या मुलांना रक्त, प्लेटलेट्स आणि सुया इतरांपेक्षा कितीतरी जास्त लागतात. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते हे खरं, पण दात्याला नुकताच संसर्ग झाला असेल तर साध्या तपासणीत तो निसटू शकतो. विषाणूचा जनुकीय अंशच शोधणारी नॅट तपासणी सगळीकडे नाही. आणि अशक्त प्रतिकारशक्तीच्या मुलात विषाणू एकदा शिरला की कायमचा मुक्काम ठोकण्याची शक्यता बरीच असते.

त्यामुळे तपासणी आधी. एचबीएसएजी (विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन, म्हणजे सध्याच्या संसर्गाची खूण), अँटि-एचबीसी (आता किंवा पूर्वी संसर्ग झाल्याची खूण) आणि अँटि-एचबीएस टायटर (संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडी), तिन्ही. तेही पहिली रक्ताची पिशवी लावण्याआधी. हा क्रम चुकला की रिपोर्ट फसवतो, कारण दात्याच्या अँटिबॉडी मुलाच्या रक्तात येतात. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं इंजेक्शन) दिलं असेल तर विचारूच नका, टायटर झकास दिसतो आणि तो मुलाचा नसतोच. नव्या रेसिडेंटना घाई असते: हिमोग्लोबिन पाच आहे, रक्त लावू, तपासण्या उद्या पाठवू. अरे, सुई शिरेत आहेच, लागलीच तपासणीच्या रक्ताची एक नळी, एक बल्ब, जास्त भर ना! मी तर रक्ताच्या मागणीचा फॉर्म आणि हा बल्ब एकत्रच पाठवायला लावते.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. लस दिल्यावर लगेच एचबीएसएजी तपासणं.

एक सात वर्षांचा मुलगा, एएलएल (ल्युकेमियाचा एक प्रकार), मेंटेनन्स म्हणजे उपचारांचा शेवटचा, सौम्य केमोचा टप्पा चालू. आमच्याकडे लसीचा डोस घेऊन गावी गेला. चारच दिवसांनी ताप आला म्हणून तालुक्याला ॲडमिट केलं आणि तिथे 'रुटीन' म्हणून रक्ताच्या तपासण्यांचं पॅनल पाठवलं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. लस कधी दिली, हे कुणी विचारलं नाही. वडिलांना सांगितलं, पोराला पांढरी कावीळ झालीय, रक्तातून आली असणार. घरी जे व्हायचं ते झालं. ताट-वाटी वेगळी, धाकट्या बहिणीला जवळ जायची बंदी. आजी त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवलं आणि सगळ्यांची खात्रीच पटली. यकृत सांभाळायचं म्हणून वडिलांनी ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेटच्या, म्हणजे केमोच्याच, गोळ्या परस्पर बंद केल्या. आमच्याकडे आले तेव्हा मुलगा टुणटुणीत, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ठीक, आणि बाप रडवेला. रिपोर्टची तारीख आणि लसीची तारीख शेजारी ठेवली, तिथेच उलगडा झाला. खुद्द विषाणू शोधणारी एचबीव्ही डीएनए तपासणी पाठवली, निगेटिव्ह. महिन्याभराने एचबीएसएजीसुद्धा निगेटिव्ह. कावीळ नव्हतीच, पण गोळ्यांचा खंड मात्र खरा होता.

यात गूढ काही नाही. ही लस म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं तेच प्रथिन, यीस्टमध्ये तयार केलेलं. तपासणीही तेच प्रथिन शोधते. डोसनंतर अठराएक दिवस, क्वचित त्याहून थोडं जास्त, ते रक्तात सापडू शकतं. म्हणून मी डोस दिला की फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने तारीख घालते आणि खाली लिहिते, 'महिनाभर एचबीएसएजी नको'. पालकांच्या वहीतही तेच. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही, लाल पेनावर आहे. आणि हो, खरोखर हिपॅटायटिस बी असला तरी ताट वेगळं करायची गरज नसते. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नखं काढायचं यंत्र तेवढं वेगळं ठेवा.

दुसरी, वरवर शहाणपणाची वाटणारी चूक : 'केमो संपू दे, मग बघू.' एएलएलचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि धोका नेमका त्याच काळात. या लसीत जिवंत विषाणू नाही, त्यामुळे लसीमुळे आजार होत नाही. गोंधळ होतो तो गोवर-एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसीमुळे. त्या जिवंत आहेत, केमोत बंद. प्रतिसाद कमी मिळतो हे खरं, सुरुवातीच्या तीव्र केमोत तर फारच कमी. म्हणून अनेक ठिकाणी वयाच्या नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट मात्रा देतात, ०, १, २ महिन्यांनी आणि मग सहा किंवा बाराव्या महिन्याला. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर. १० एमआययू/मिलीच्या खाली आला तर 'लस लागली नाही' असं समजून पुन्हा द्यायची. तीन डोस झाले म्हणून टिक मारून पुढे जाणाऱ्यांशी माझं पटत नाही. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी मारणारं औषध) दिलं असेल तर निदान सहा महिने लसीकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि ते देण्याआधी अँटि-एचबीसी पाहिलंच पाहिजे, कारण दबलेला विषाणू त्या औषधाने उसळतो.

बाकीच्या भराभर सांगते. कुल्ल्यावर टोचू नका, तिथे लस चरबीत जाते आणि लागत नाही. लहानांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्यांना दंडात. रक्तस्राव होऊ नये म्हणून प्लेटलेट्सचा आकडा पाहूनच टोचा, बारीक सुई घ्या आणि नंतर दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. फ्रीझरला चिकटून गोठली तर फेकायची, वितळवून वापरायची नाही. घरच्यांची तपासणी विसरू नका: आईचं एचबीएसएजी बघा, भावंडांचे डोस अपुरे असतील तर पूर्ण करा.

हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) एकच बाटली दिवसभर सगळ्या मुलांच्या लाइनसाठी, म्हणजे शिरेतल्या नळीसाठी, वापरणं, ही तर चूक नव्हे, गुन्हा आहे. हा विषाणू शरीराबाहेर आठवडाभर तग धरतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंजमुळे हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि माणसं गेली. लस कितीही द्या, वॉर्डात असला काटकसरीपणा चालू असेल तर उपयोग नाही.

उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांनी बूस्टर आणि त्यानंतर पुन्हा टायटर. ही तारीख शेवटच्या केमोच्या दिवशीच कार्डावर लिहून द्या. पालक पेढे वाटून गावी जातात, ते मग ताप आल्याशिवाय परत येत नाहीत.