प्रात्यक्षिकासाठी चॉकलेटचा गोड पदार्थ निवडताना

पाहुण्यांना घरी बोलावून केलेल्या प्रात्यक्षिकात विकायचे असते ते भांडे, म्हणून आधी भांडे ठरवावे आणि मगच त्याचे गुण उघड करणारा पदार्थ निवडावा. जाड बुडाच्या पातेल्यासाठी गनाश (क्रीम आणि चॉकलेटचे मऊ मिश्रण) उत्तम: क्रीम तळाला न लागता तापते आणि तेवढ्याच वजनाच्या चिरलेल्या चॉकलेटवर ओतून, दोन मिनिटे थांबून मधोमध ढवळले, की फिकट मिश्रण पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत गडद, तकतकीत होते. सिलिकॉनच्या साच्यांसाठी छोटे लाव्हा केक (आत वितळलेले चॉकलेट असलेले) घ्यावेत. २०० अंश सेल्सिअसला ते साधारण १२ मिनिटांत होतात, आणि तेवढा वेळ साच्याविषयी बोलायला पुरतो. मूस (थंड करून सेट करायचे हलके, फेसाळ मिष्टान्न) मात्र टाळावे, कारण ते सेट होईपर्यंत पाहुणे घरी पोहोचलेले असतात. चॉकलेट वितळवायचे वाडगे कोरडे पुसून घ्यावे. पाण्याच्या दोन थेंबांनीही वितळलेले चॉकलेट घट्ट आणि रवाळ होते.