माउस काढून ठेवताय? आधी कीबोर्डची भाषा बघा

दीड वर्षापूर्वी माझं उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की चहाचा कप उचलताना खालून डावा हात लावावा लागायचा. मी अनुवाद आणि प्रूफचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरवर, डॉक्टर म्हणाले माउस कमी करा आणि मी त्याच रात्री माउस काढून ड्रॉवरमध्ये टाकला. असं करू नका. डेडलाइनच्या आठवड्यात तर अजिबात नको, दोन दिवसात रडकुंडीला याल.

ऑल्ट-टॅब, कंट्रोल-सी तुम्हाला येतंच. माउसशिवाय काम करायला रोज खरंच लागतात ते शॉर्टकट म्हणजे विंडोज की आणि १ ते ९ मधला आकडा (टास्कबारवरचं त्या नंबरचं ॲप उघडतं), राइट क्लिकसाठी शिफ्ट-एफ१०, आणि ब्राउझरच्या ॲड्रेसबारमध्ये जायला कंट्रोल-एल. वेबसाइटवर फिरायला ब्राउझरमध्ये व्हिमियम हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. एफ दाबलं की प्रत्येक लिंकवर एक-दोन अक्षरांची छोटी पिवळी चिठ्ठी येते, ती अक्षरं दाबली की क्लिक झालं. जे आणि के ने पान खाली-वर.

आता मी कुठे अडकले ते नीट वाचा, कारण मराठी टाइप करणारा प्रत्येक जण इथे अडकणार. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या कीबोर्ड लेआउटवर टाइप करते. एक दिवस एफ दाबलं, काहीच नाही. परत दाबलं, नाही. जे, के, पान हलेना. एक्स्टेंशन काढून परत टाकलं, तीनदा, ब्राउझर बदलला, अख्खी दुपार गेली. कंट्रोल-सी मात्र व्यवस्थित चालत होतं, त्यामुळे कीबोर्डवर संशयच आला नाही. शेवटी सर्चबॉक्समध्ये एफ दाबलं आणि तिथे नुसती ऱ्हस्व वेलांटी उमटली, तेव्हा कळलं. कीबोर्ड मराठीवर होता. मी एफ दाबत होते पण व्हिमियमला 'ि' मिळत होतं, जे दाबलं की 'र', के दाबलं की 'क', त्याला बिचाऱ्याला काय कळणार. कंट्रोलबरोबरच्या शॉर्टकटना विंडोज खालची इंग्रजी कीच पुरवतं, म्हणून ते चालतात आणि आपण फसतो. डावा ऑल्ट-शिफ्ट चुकून एकत्र दाबला तरी भाषा बदलते, आणि माउस नसला की ही बोटं सारखी तिथेच असतात.

उपाय दोन, दोन्ही करा. व्हिमियमच्या ऑप्शन्समध्ये 'इग्नोर कीबोर्ड लेआउट' ला टिक करा. आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी इनपुट भाषा ठेवायचा पर्याय आहे तो चालू करा, म्हणजे वर्ड मराठीत आणि ब्राउझर इंग्रजीत राहतो.

टॅब दाबलं की फोकस, म्हणजे पानावरची निवड, पुढच्या लिंकवर किंवा चौकटीवर जाते, पण काही साइट्सवर ती सगळीकडे पोचतच नाही. एका फॉर्ममधलं तारखेचं कॅलेंडर माझ्याकडून काही केल्या उघडेना. अशा वेळी विंडोजमधली माउस कीज ही सोय चालू करा: डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र. नंबरपॅडवरून माउसचा बाण सरकतो, ५ म्हणजे क्लिक. वजा दाबलंत तर पुढचे सगळे क्लिक राइट क्लिक होतात, परत साधा हवा असेल तर भागाकाराचं चिन्ह दाबा. लॅपटॉपला नंबरपॅड नसेल तर वेगळा यूएसबीवाला घ्या, खर्च फार नाही.

आणि ते 'शंभर शॉर्टकट दहा मिनिटांत' वाले व्हिडिओ बघू नका, वेळ जातो आणि हातात काही राहत नाही. माझ्या मते यातले खरे गुरू म्हणजे स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करणारे अंध लोक. मला शिकवलं ते बँकेत नोकरी करणाऱ्या एका दादाने, तो एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो. त्याने पहिल्या दिवशी फक्त एवढंच करायला लावलं की कुठलंही नवीन पान उघडलं की आधी टॅब दाबत शेवटपर्यंत जायचं, काहीही न उघडता, फोकस कुठे कुठे जातो ते नुसतं बघायचं. कंटाळवाणं आहे, पण करा.

पहिले दोन आठवडे स्पीड निम्मा होतो, घाबरू नका, तो परत येतो. मला साधारण दीड महिना लागला. तोवर माउस जोडलेलाच ठेवा, पण डाव्या बाजूला. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर मात्र शॉर्टकट शिकत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा. मी चार महिने अंगावर काढलं, आणि अजून थंडीत मनगटाला पट्टा लावूनच कामाला बसावं लागतं.